आठवीनंतर, अठराच्या आधी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालसंरक्षण समितीची बैठक ठरली होती, आणि अशा बैठकांचं होतं तेच तिचंही झालं. तहसीलदार जिल्ह्याला गेलेले, पोलीस निरीक्षक बंदोबस्तात, गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोन लागेना. उरले दोघं अशासकीय सदस्य: तीस वर्षं बाळंतपणं करत आलेल्या डॉक्टरबाई आणि महाविद्यालयातून निवृत्त झालेले अर्थशास्त्राचे सर. विषयपत्रिकेवर एकच विषय, ‘अल्पवयीन माता’. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांच्या तोंडचे कायदे, आकडे आणि अभ्यास खरे आहेत.

शिपायानं चहा ठेवला तसा सरांनी एक कागद पुढं सरकवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २०२१.

“डॉक्टर, गंमत बघा. वीस ते चोवीस वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९. म्हणजे आपण बरे. आता खालची ओळ वाचा. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी आई झालेल्या किंवा दिवस गेलेल्या देशात ६.८ टक्के, महाराष्ट्रात ७.६. इथं आपण मागं.”

“आणि आपला जिल्हा?”

“लग्नाच्या ओळीत परभणी ४८ टक्के, आपण जवळपास ४४. राज्याच्या दुप्पट.”

“सर, माझ्या टेबलावर टक्का येत नाही. मुलगी येते. सोळाची असते, सोबतची सासू एकोणीस सांगते. हिमोग्लोबिन सात. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला, आणि नववा महिना लागेपर्यंत एकदाही तपासणी नाही.” त्यांनी कागद परत केला. “तुमच्या याच सर्वेक्षणात राज्यातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या ५७ मुली रक्तक्षयी आहेत. अजून स्वतःचीच उंची भरायची असते, तेवढ्यात पोटात दुसरं वाढायला लागतं. जे काही अन्न येतं त्यात दोघांचे वाटे. झटके येणं, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग, दिवस भरायच्या आत प्रसूती, अडीच किलोच्या आतलं मूल, हे सगळं या वयात जास्त. जगभरातल्या पंधरा ते एकोणीसच्या मुलींच्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांत गरोदरपण आणि बाळंतपण येतं. यावर वाद काय घालायचा?”

सरांना यावर वाद घालायचाच नव्हता. त्यांचा वाद पुढच्या वाक्याशी होता, जे सगळ्या भाषणांत आणि भित्तिपत्रकांवर असतं: मुलगी लवकर आई झाली म्हणून तिचं शिक्षण सुटलं, कमाई बुडाली आणि घर गरिबीत रुतलं.

“हे मला उलटं वाटतं,” ते म्हणाले. “शिक्षण आधीच सुटलेलं असतं, घर आधीच रुतलेलं असतं. मूल त्यानंतर येतं.”

आणि मग, प्राध्यापकच ते, त्यांनी अमेरिका काढली. तिथं १९९२ साली आर्लिन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन यांनी सख्ख्या बहिणींची तुलना केली. एक विशीच्या आत आई झालेली, दुसरी नंतर. घर तेच, आईबाप तेच, वस्ती तीच. एरवी किशोरवयीन माता आणि इतर बायका यांच्या उत्पन्नात जी मोठी दरी दिसते, ती बहिणी-बहिणींत पुष्कळ अरुंद झाली. पुढं २००५ मध्ये जोसेफ हॉट्झ आणि सहकाऱ्यांनी आणखी धारदार युक्ती केली. किशोरवयात दिवस गेलेल्या, पण आपोआप गर्भपात झाल्यामुळं त्या वयात आई न झालेल्या मुली त्यांनी तुलनेला घेतल्या. दोन्ही गटांना दिवस गेले होते, फरक फक्त नैसर्गिक योगाचा. त्यातही किशोरवयीन मातृत्वाचे आर्थिक तोटे लोक समजतात त्यापेक्षा बरेच लहान निघाले, काही तर थोड्या वर्षांत भरून आले.

“म्हणजे तुमचं म्हणणं, होऊ दे बाळंतपणं?”

“नाही हो. माझं म्हणणं एवढंच, की गरिबीचा दोष पोरीच्या पोटावर टाकू नका. ते फार सोयीचं होतं. साखर कारखान्याला सोयीचं, ऊसतोडीच्या मुकादमाला सोयीचं, सरकारलाही.”

डॉक्टरबाईंनी चहा बाजूला ठेवला. “सर, त्या अमेरिकेतल्या पोरीला गरोदरपणात सरकारी आरोग्यविमा मिळतो, दूध-अन्नाचं कुपन मिळतं, शाळेचं दार पुन्हा उघडता येतं. ती बहुतेक वेळा आईच्याच घरी राहते आणि मूल आजी सांभाळते. आपली पोरगी? ती दुसऱ्याच्या घरी असते. तिथं तिला परत शाळेत घाल म्हणणारं कुणी नसतं. तिचं मूल तिचं असतं, तिची मजुरी मात्र तिची नसते. तुमची तुलनाच जुळत नाही.”

हा घाव बरोबर बसला. त्या अभ्यासांत गरिबीतल्या दोन मुलींची तुलना आहे, पण दोघींच्याही खाली सरकारनं विणलेलं एक जाळं आहे. विरळ असलं तरी आहे. जाळंच नसेल तर निष्कर्ष जसाच्या तसा उचलून बीडमधल्या शिरूर-कासारला आणता येत नाही. जागतिक बँक आणि आयसीआरडब्ल्यू या संशोधन संस्थेनं २०१७ साली पंधरा देशांची आकडेमोड करून सांगितलं, की बालपणी लग्न झालेल्या बायका उशिरा लग्न झालं असतं तर जितकं कमावत्या, त्यापेक्षा सरासरी नऊ टक्के कमी कमावतात, आणि ही घट प्रामुख्यानं सुटलेल्या शिक्षणातून येते. पंधरांत भारत नाही, पण नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आहेत.

सर मात्र हरणाऱ्यांतले नव्हते. “बरं, आपलाच अभ्यास घ्या. २०१९ चा, लॅन्सेटच्या पत्रिकेतला. भारतातल्याच सर्वेक्षणावरचा. किशोरवयीन आईच्या मुलांत खुरटेपणा प्रौढ आईच्या मुलांपेक्षा दहा टक्क्यांच्या फरकानं जास्त. तुम्ही हा आकडा वापरता.”

“वापरते.”

“पण त्याच अभ्यासात तो फरक कुठून येतो हेही शोधलंय. आईचं स्वतःचं कमी वजन, कमी शिक्षण, घरची गरिबी, दवाखान्यापर्यंत न पोचणं. वयाचा आकडा या सगळ्यावर झाकण म्हणून बसलाय.”

“आणि ते सगळं त्या वयात लग्न लावल्यामुळं आणखी वाईट होतं. शिक्षण का कमी? नववीत उचलून नेली म्हणून. वजन का कमी? सगळ्यांत धाकटी सून शेवटी जेवते म्हणून. तुमचं झाकण आणि माझं भांडं एकच आहे, सर.”

इथवर वाद पुस्तकी होता. तो बीडचा झाला तो ऊसतोडीवर आल्यावर.

या जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत तिकडंच असतात. राज्यातल्या ऊसतोड मजुरांचा अंदाज आठ ते दहा लाखांचा सांगतात. हिशेब माणसाचा नसतो, जोडीचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो तीही कोयत्यावर. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला निम्मी उचल मिळते, आणि बरेच मुकादम तो घेतच नाहीत. आता अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा घरात असेल, डोक्यावर मागच्या हंगामाची न फिटलेली उचल असेल, तर त्या घराला सून ही कधी लागते? पाडव्याला नव्हे. मुकादम यादी करायला बसतो तेव्हा.

पोरीच्या घरचं गणित वेगळं, पण उत्तर तेच. आईबाप सहा महिने कोप्यांत राहणार. चौदा-पंधराची मुलगी गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची, की फडात सोबत न्यायची? दोन्हीकडं भीती. शिवाय लहान मुलीला हुंडा कमी पडतो, आणि धाकटीचं लग्न थोरलीच्याच मांडवात उरकलं तर एक जेवणावळ वाचते. यातलं एकही कारण अडाणीपणाचं नाही. सरांचा मुद्दा हाच होता, आणि तो खोडणं सोपं नाही: ही माणसं चुकीचा हिशेब करत नाहीत, त्यांच्यापुढं ठेवलेले आकडेच तसे आहेत.

“मग आकडे बदला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण ते बदलेपर्यंत मी काय करू? आठव्या महिन्याची पोरगी मोळी वाहते, कारण एक दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. बाळंतीण पंधरा दिवसांत फडात उभी असते. बाविसाव्या वर्षापर्यंत तीन पोरं. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, कंबर धरते, आणि कुणीतरी खाजगी डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.”

हे अतिशयोक्त वाटत असेल त्यांच्यासाठी: २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार गाजल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. लवकरचं लग्न, लवकरची आणि लागोपाठची बाळंतपणं, आणि पाळीच्या दिवसांतही खाडा न परवडणं, या सगळ्यांचा शेवट तिथं होतो. किशोरवयीन मातृत्वाचा आर्थिक परिणाम विशीतच मोजून थांबलं, तर पस्तिशीतला हा खर्च हिशेबातच येत नाही.

सरांनी आशेची एक बाजू पुढं केली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. मजुरी वाढली की घाई कमी होईल.

“का बरं होईल? कोयत्याची किंमत वाढली, म्हणजे अर्ध्या कोयत्याचा तोटाही वाढला.” अर्थशास्त्राच्या माणसाला डॉक्टरनं अर्थशास्त्रात गाठलं होतं. सर हसले, आणि पहिल्यांदाच काही टिपून घेतलं.

कायद्यावर आल्यावर दोघांच्या जागा बदलल्या. सरांना वाटत होतं, डॉक्टर कडक कायद्याच्या बाजूच्या असणार. त्या नव्हत्या.

“तुम्हीच सांगा, कायदा काय म्हणतो?” त्यांनी विचारलं.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. लग्न लावणाऱ्याला, लावून देणाऱ्याला, अठरा पूर्ण झालेल्या नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. एवढं होऊनही ते लग्न सहसा आपोआप रद्द ठरत नाही. मुलीनं सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यायचं. दुसरीकडं २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, असं ठरवलं. त्यातून गर्भ राहिला तर पॉक्सोत तो गंभीर प्रकार होतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान शिक्षा वीस वर्षं आहे. म्हणजे तेच लग्न, तोच नवरा, तीच मुलगी. एका कायद्यात जास्तीत जास्त दोन, दुसऱ्यात कमीत कमी वीस.

“आणि तिला तपासणाऱ्या मला,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पोलिसांना कळवणं सक्तीचं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आता सासूच्या जागी बसून बघा. पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं तर पोरगा वीस वर्षं आत. मग ती नेते कुठं? आधारवरची जन्मतारीख बदलते, नाहीतर खाजगीत जाते, नाहीतर घरीच सुईण बोलावते. माझ्याकडं येते ती झटके आल्यावरच.”

“पण कळवायचं नाही, तर कायदा कशाला?”

“कळवायचं नाही असं कुठं म्हटलं? कुणाला, कधी आणि कशासाठी, ते म्हणते. मला सोळा वर्षांच्या बाईला अंतराचं इंजेक्शन किंवा छायाची गोळी देऊन पहिलं मूल तीन वर्षं लांबवता येतं. पण तिच्या वयाची नोंद करायची झाली तर ती नोंदच फिर्याद ठरते. म्हणून आशाताई विचारतच नाही. वर्षाच्या आत पाळणा हलतो, आणि मग आपण बैठक घेतो.”

आसामात याचं मोठं उदाहरण घडलं. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारनं बालविवाहाच्या प्रकरणांत तीन हजारांहून अधिक लोकांना अटक केली. त्यांत नवरे होते, बाप होते, लग्न लावणारे काझी-पुजारीही होते. पोटुशा मुली आणि कडेवर मूल घेतलेल्या मुली पोलीस ठाण्यांपुढं बसल्या. दवाखान्यात नाव लावायला मुली घाबरू लागल्याच्या बातम्या आल्या. गुवाहाटी उच्च न्यायालयानं या प्रकरणांत पॉक्सो कशाला लावला, असं विचारत लोकांच्या खाजगी आयुष्यात माजलेल्या गोंधळावर बोट ठेवलं. सरकारचं म्हणणं, की धाक बसला आणि बालविवाह घटले. घटले असतीलही. पण धाक लग्नाला बसला की दवाखान्याला, हे वेगळं मोजावं लागतं.

अविवाहित मुलीचा प्रश्न डॉक्टरबाईंनी दोन वाक्यांत मांडला, कारण तिथं निदान वाट थोडी उजळली आहे. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की तिनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करू नये. “हे विवाहित पोरीच्या बाबतीत कुणालाच सुचत नाही,” त्या म्हणाल्या. “मंगळसूत्र असलं की आपल्याला वाटतं, तिला लपवायला काही नाही.”

सरांनी वयाच्या आकड्याचा इतिहास काढला. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झालं, तेव्हा पुण्यात टिळक विरोधात आणि आगरकर बाजूनं असं रण पेटलं होतं. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ मध्ये अठरा. डिसेंबर २०२१ मध्ये एकवीस करायचं विधेयक लोकसभेत आलं, स्थायी समितीकडं गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर विरलं. “सव्वाशे वर्षं आपण आकडाच वाढवतोय,” ते म्हणाले.

“रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नवऱ्यानं न्यायालयात खेचलं तरी त्या नांदायला गेल्या नाहीत, तुरुंगात जाईन म्हणाल्या, आणि पुढं इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. आपण त्यांचं धैर्य सांगतो. त्या माहेरी राहून शिकत होत्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी उभे होते, हे सांगत नाही. राहायला जागा होती, सर. तेवढ्यावर सगळं तरलं.”

जागेचा विषय निघाला आणि बैठकीचं खरं काम तिथून सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही. एकवीस की अठरा यापेक्षा ऑक्टोबर ते एप्रिल पंधरा वर्षांची मुलगी रात्री कुठं झोपणार, हा प्रश्न कितीतरी कामाचा आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका आरोग्य संस्थेनं किशोरी मुलींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला होता. रोज संध्याकाळी तासभर, शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. आरोग्य, पैसे, कार्यालयात अर्ज कसा करायचा, असं काहीबाही. त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष! ऐकायला क्षुल्लक. पण दहावीचा निकाल त्या एका वर्षात लागतो.

सरांनी कागद उलटा केला आणि मागं आकडेमोड सुरू केली. मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. लग्नाचं वय सुरू होतं नेमकं तिथं ती संपतात. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागा, निम्मी मुलींची. सगळी उभी राहून भरली तरी मुलींच्या जागा ४,१००. “आठ-दहा लाख मजुरांच्या मुली एवढ्याच का?” लेक लाडकी योजनेत मुलीला अठराव्या वर्षी ७५ हजार मिळतात, तोवरचे हप्ते धरून एक लाख एक हजार. पण योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी. तिचे पहिले ७५ हजार २०४१ मध्ये निघतील.

“आज पंधराची असलेली तोवर आजी होईल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. विनोद नव्हता तो. पंधराव्या वर्षी आई, आणि लेकही पंधराव्या वर्षी आई, तर तिसाव्या वर्षी आजी.

सरांनी ठरावाचा मसुदा केला. तालुक्यातल्या नववी ते बारावीच्या ज्या मुलींचे आईबाप तोडीला जातात, त्यांची यादी ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांनी दसऱ्याआधी द्यावी. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असल्यानं त्याला हे टाळता येणार नाही. जागा नसतील तर शाळेच्याच खोल्यांत हंगामी वसतिगृह बारावीपर्यंत वाढवावं.

“आणि जिचं लग्न झालंय, मूल झालंय, ती?” डॉक्टरबाईंनी विचारलं. “ती कोणत्या यादीत?”

“तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवू. बाहेरून परीक्षा देता येते. शाळेत यायची गरज नाही.”

“फॉर्मला काय लागतं?”

“शाळा सोडल्याचा दाखला.”

“त्यावर जन्मतारीख असते. दवाखान्यात तिचं वय एकोणीस लिहिलेलं आहे. तो दाखला सासू शाळेतून काढू देईल?”

सरांनी मसुद्यातली शेवटची ओळ खोडली आणि खाली नवा मुद्दा घातला: दाखल्यावरच्या जन्मतारखेचा उपयोग मुलीच्या घरच्यांविरुद्ध करू नये, असं समितीनं जिल्हाधिकाऱ्यांना सुचवावं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे कायद्यात बसणार नाही. सर म्हणाले, बसत नसेल तर जिल्हाधिकारी तसं लेखी कळवतील, आणि निदान तो कागद तरी आपल्या हातात येईल. गणपूर्ती नसल्यानं ठराव मंजूर करता येत नव्हता. तो पुढच्या बैठकीसाठी ठेवला गेला, आणि पुढची बैठक नोव्हेंबरात होती.